पोलिओ गेला, पोलिओवाले राहिले

१९७७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोन भागांत एक लेख आला. त्याचं शीर्षकच एक प्रश्न होता : विकसनशील देशांमध्ये पोलिओ हा गंभीर प्रश्न आहे का?

आज हे वाचून विचित्र वाटतं. आपण लहानपणी रविवारी सकाळी अंगणवाडीत रांगेत उभे राहिलो, जिभेवर दोन थेंब घेतले, करंगळीला शाई लावून घरी आलो. पोलिओ हा 'आपलाच' आजार होता हे आपल्याला शिकवावं लागलं नाही. पण सत्तरच्या दशकापर्यंत तज्ज्ञांचं मत बरोबर उलटं होतं. पोलिओ हा श्रीमंत, स्वच्छ देशांचा आजार, असं पाठ्यपुस्तकं सांगत.

या मतामागे तर्क होता आणि तो अर्धा बरोबर होता. पोलिओचा विषाणू विष्ठेतून, दूषित पाण्यातून, हातातून तोंडात जातो. जिथे गटारं उघडी, तिथे बाळाला तो फार लवकर गाठतो, आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून रक्तात असतानाच. त्यामुळे संसर्ग होतो, पाय वाचतात आणि प्रतिकारशक्ती मिळून जाते. युरोप-अमेरिकेत नळ आले, संडास सुधारले, विषाणूची पहिली भेट लांबली आणि पाच-सात वर्षांच्या, कधी पंचवीस-तीस वर्षांच्या माणसांना लकवा होऊ लागला. १९१६ मध्ये एकट्या न्यूयॉर्क शहरात पोलिओचे सुमारे ९,००० रुग्ण झाले. म्हणजे स्वच्छतेमुळे साथी आल्या, हे खरं. त्यावरून 'अस्वच्छ देशांत पोलिओमुळे फारसं कुणी पांगळं होत नाही' असा निष्कर्ष काढला गेला. तो चूक होता.

पण चूक आहे हे सिद्ध कसं करायचं? घानामध्ये किंवा भारतात खेड्यातलं आजारी मूल दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हतं. नोंद नाही, प्रयोगशाळा नाही. माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम कोसळतेय, पण लॉगच लिहिले जात नाहीयेत. घानातल्या संशोधकांनी मग लॉग शोधायचं सोडलं आणि थेट नुकसान मोजलं. शाळेच्या वयाच्या मुलांना चालायला लावलं आणि लंगडणारी मुलं बाजूला काढून तपासली. पोलिओ मागे ठेवतो ती खूण बरीच ओळखू येण्यासारखी असते : एक पाय बारीक आणि लुळा, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही, पण टाचणी टोचली तर पूर्ण कळते. जन्मतः नव्हतं, तापानंतर आलं. अशा मुलांच्या संख्येवरून मागे जात दर वर्षी किती मुलांना लकवा होत असणार याचा हिशोब केला. उत्तर आलं : लस येण्याआधीच्या साथीच्या वर्षांत अमेरिकेत जेवढा पोलिओ होता, जवळपास तेवढाच. फरक एवढाच की इथे साथ यावी लागत नव्हती. तो रोजचा होता.

याला इंग्रजीत 'लेमनेस सर्व्हे' असं रोखठोक नाव आहे. लंगडणाऱ्यांची मोजणी. अशा मोजण्या पुढे अनेक देशांत झाल्या, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला भारतातही. पोलिओची लस गरीब देशांनाही हवीच, या म्हणण्याला वजन आलं ते या आकड्यांमुळे. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पोलिओने पांगळी होत होती.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, कारण तो यशाचा आहे. मला मोजून बाजूला काढलेल्या त्या मुलांबद्दल लिहायचं आहे. १९८१ मध्ये जो मुलगा सहा वर्षांचा होता, तो आज पन्नाशीत आहे.

*

आधी विषाणू नेमकं काय करतो ते. ज्यांना संसर्ग होतो त्यातल्या बहुतेकांना काही कळतही नाही. साधारण दोनशेत एकाला लकवा होतो. त्या एकाच्या मज्जारज्जूच्या पुढच्या भागात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी असतात, त्या विषाणू मारतो. स्नायू निरोगीच असतो, पण त्याची तार तुटलेली असते. आज्ञा मिळत नाही म्हणून तो वाळतो. मेलेली चेतापेशी परत येत नाही.

तरीही पहिल्या काही महिन्यांत बरीच मुलं सुधारतात. आडवं पडलेलं मूल बसतं, मग उभं राहतं. आजी नवस फेडते. ही सुधारणा कुठून येते, हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा : वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडतात आणि अनाथ झालेल्या स्नायूतंतूंना दत्तक घेतात. एक पेशी तिच्या मूळ वाट्याच्या सात-आठपटींपर्यंत तंतू सांभाळू लागते. दहापैकी सहा सर्व्हर जळाले, उरलेल्या चारांनी सगळा ट्रॅफिक उचलला, वेबसाइट चालू राहिली.

शेफील्डचे डॉक्टर शरार्ड यांनी पन्नाशीच्या दशकात पोलिओ होऊन वारलेल्यांच्या मज्जारज्जूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजल्या. त्यांना दिसलं की निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या असल्या तरी हाताने तपासताना स्नायूची ताकद जवळपास नॉर्मल भरू शकते. म्हणजे ज्याला घरचे आणि डॉक्टर 'चांगला पाय' म्हणतात, तो चांगला असेलच असं नाही. तो फक्त निभावून नेत असतो.

*

पोलिओच्या इतिहासाचा कुठलाही लेख इजिप्तमधल्या त्या तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शिळेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही, ज्यावर काठी टेकलेला, एक पाय वाळलेला माणूस कोरलेला आहे. तर झाला उल्लेख. खरा वैद्यकीय इतिहास १८४० मध्ये जर्मनीत याकोब हायने यांच्यापासून सुरू होतो. आणि हायने कुणी साथीच्या रोगांचे तज्ज्ञ नव्हते, हाडांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे ताप आलेली मुलं येत नव्हती, पाय वाकडा झालेली मुलं येत होती. आजार जगाला कळला तो त्याच्या मागे राहिलेल्या व्यंगातून. विषाणू आहे हे कळायला १९०८ उजाडलं, व्हिएन्नात, लँडस्टायनर यांच्या प्रयोगातून.

दरम्यान उपचार काय, तर बांधून ठेवणं. लुळा अवयव वाकडा होऊ नये म्हणून प्लास्टरमध्ये, लाकडी पट्ट्यांत, महिनोन्महिने. या पद्धतीला आव्हान दिलं ते ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी नावाच्या परिचारिकेने. तिच्याकडे नर्सिंगची रीतसर पदवी नव्हती. आडगावात काम करताना ती आखडलेल्या स्नायूंवर गरम पाण्यातून पिळलेल्या लोकरीच्या पट्ट्या ठेवायची आणि अवयव हलवायला शिकवायची. डॉक्टरांनी तिला उडवून लावलं. आजार कसा होतो याबद्दलचं तिचं स्पष्टीकरण चुकीचं होतंही. पण मुलं तिच्याकडे जास्त बरी होत होती. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि काही वर्षांत प्लास्टरं उतरली. आज फिजिओथेरपिस्ट जे करतात त्याचा बराचसा पाया या भांडकुदळ बाईने घातला.

कोपनहेगनला १९५२ मध्ये श्वासाचे स्नायू गेलेल्या रुग्णांना जगवायला सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी फुगा दाबत राहून हवा दिली. अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर यांचं घराणं तिथून सुरू होतं. त्यावर वेगळा लेख होईल.

*

आपल्याकडे? मुंबईत ही गोष्ट एका आईपासून सुरू होते. फातिमा इस्माईल स्वातंत्र्यचळवळीशी जोडलेल्या घरातल्या. उमर सोबानी हे त्यांचे भाऊ. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. देशात उपचाराची सोय जवळपास नव्हती. मद्रासच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्यांनी मुलीला नेलं, तिथे राहिल्या, उपचार शिकून घेतले. मग ज्यांना मद्रासला जाणं परवडणार नाही त्यांचं काय, असा विचार करून त्यांनी १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. त्यातून पुढे हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक रुग्णालय उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढे त्या राज्यसभेवर गेल्या. त्याच हाजी अलीला १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. आणि परळच्या केईएममध्ये पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. भारतातली फिजिओथेरपी हे बऱ्याच अंशी पोलिओचं अपत्य आहे.

पण हाजी अली मुंबईत. बाकीच्या महाराष्ट्रात पोलिओ म्हणजे तापात पोराला गावातल्या डॉक्टरकडे नेणं आणि सुई टोचून घेणं. जुन्या माणसांना विचारा, निम्मे सांगतील : 'डॉक्टरनं सुई दिली आणि पाय गेला.' शिकलेली माणसं यावर हसतात. हसू नये. मेलबर्न आणि लंडनमधल्या डॉक्टरांनी १९५० च्या सुमारास हेच पाहिलं होतं : अंगात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत इंजेक्शन दिलं, तर ज्या अवयवात सुई टोचली नेमका तोच लुळा पडण्याची शक्यता वाढते. टोचल्यामुळे दुखावलेल्या स्नायूतून विषाणूला चेतातंतूंमार्गे मज्जारज्जूपर्यंत जायची वाट मिळते, हे नव्वदच्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. गावच्या आज्या निरीक्षणात कमी नव्हत्या. जे पोर सुईविना तापातून उठलं असतं, अशी कितीतरी पोरं साध्या तापाला इंजेक्शन देण्याच्या आपल्या हौसेपायी पांगळी झाली असणार.

माझा मामा त्यातला. सांगली जिल्ह्यातलं गाव, १९६९, दीड वर्षाचा असताना ताप, सुई, डावा पाय. मांडीचा पुढचा स्नायू गेलेला, त्यामुळे पाऊल टाकताना गुडघा दुमडू नये म्हणून डाव्या हाताने मांडी मागे दाबत चालायचं. ही चाल तुम्ही पाहिलेली आहे. प्रत्येक एसटी स्टँडवर असा एक माणूस असतो. शरीराने स्वतःच शोधलेला हा जुगाड आहे : हातालाच कॅलिपर केलं. लोखंडी कॅलिपर त्याला शाळेत असताना मिळालं होतं, पण ते बुटासकट इतकं जड होतं आणि चिखलात इतकं रुतायचं की दोन वर्षांत माळ्यावर गेलं.

नव्वदच्या दशकात त्याला एसटीडी-पीसीओचा बूथ मिळाला. अपंगांना बूथ देताना प्राधान्य होतं आणि माझ्या पिढीने तालुक्याच्या गावात पाहिलेल्या पिवळ्या बूथमागे बऱ्याचदा असाच कुणीतरी बसलेला असायचा. सरकारी धोरणांमध्ये इतकं नेमकं धोरण क्वचित सापडेल. बसून करायचं काम, रोख पैसा, आणि गावभर ओळख. मग ज्या वस्तूवर तुम्ही हे वाचताय ती आली आणि दहा-बारा वर्षांत ते सगळे बूथ बंद पडले. मामाने रिचार्ज, झेरॉक्स, लॅमिनेशनचं दुकान टाकलं. साइड व्हील लावलेल्या कायनेटिकवरून तो सगळीकडे जायचा.

चार-पाच वर्षांपूर्वी तो पडायला लागला. 'चांगला पाय दमतोय रे,' एवढंच म्हणाला. संध्याकाळी उजवा पाय थरथरायचा, थंडीत दोन्ही पाय बर्फासारखे, आणि झोपून उठलं तरी न जाणारा थकवा. तीन डॉक्टर झाले. साखर तपासली, मणक्याचा एमआरआय झाला. एकाने वय सांगितलं, एकाने वजन. तिसऱ्याने व्यायाम वाढवायला सांगितला, रोज पायऱ्या चढा म्हणाला. मामाने महिनाभर इमानदारीत पायऱ्या चढल्या आणि तो आणखी खचला. पोलिओ कधी झाला, असं तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. पाय तर समोर दिसत होता.

*

यात नवं काही नाही. १८७५ मध्येच पॅरिसमध्ये रेमों नावाच्या डॉक्टरने कातडी कमावण्याच्या धंद्यातल्या एका तरुणाची नोंद करून ठेवली आहे : तान्हेपणी लकवा, मग बरीच वर्षं ठीक, आणि आता न गेलेल्या बाजूचीही ताकद जायला लागली. प्रसिद्ध चेतातज्ज्ञ शार्को यांनी अतिश्रमाचा संशय व्यक्त केला. त्यानंतर शंभर वर्षं वैद्यकशास्त्राने ही नोंद फडताळात ठेवून दिली.

ती बाहेर काढली ती डॉक्टरांनी नाही. जिनी लॉरी नावाच्या एका बाईने. तिच्या घरात भावंडं पोलिओने गेलेली. क्लीव्हलंडच्या रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करताना घरी गेलेल्या रुग्णांशी संपर्क तुटू नये म्हणून तिने १९५८ मध्ये एक नियतकालिक सुरू केलं. लोखंडी फुप्फुसात झोपणारे, व्हीलचेअरवर संसार करणारे लोक त्यात लिहीत : स्वयंपाकघर कसं बदललं, नोकरी कशी मिळवली. आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे वेगवेगळ्या गावांतून एकाच चालीची पत्रं यायला लागली. पुन्हा दम लागतोय. चांगला हात जातोय. डॉक्टर म्हणतात मनाचे खेळ आहेत. वेगवेगळ्या माणसांना सारखाच बग दिसत होता आणि तो एका जागी नोंदला जात होता, म्हणून तो दिसला. १९८१ मध्ये लॉरीने शिकागोला परिषद भरवली. तिचं नाव, पोलिओच्या रुग्णाचं पुढे काय झालं? १९८४ मध्ये वॉर्म स्प्रिंग्जला संशोधकांची बैठक झाली. तिचे एक सूत्रधार लॉरो हॅलस्टेड हे स्वतः पोलिओ झालेले डॉक्टर. तरुणपणी बरे झालेले आणि तीसेक वर्षांनी पुन्हा खचू लागलेले. 'पोस्ट-पोलिओ सिंड्रोम' हे नाव याच काळात रूढ झालं.

कारण काय, तर ते चार सर्व्हर. आठपट भार उचललेली पेशी तीस-चाळीस वर्षं तो उचलते, मग दमते. फोडलेले फाटे एकेक करून सोडून देते. दत्तक घेतलेला तंतू दुसऱ्यांदा अनाथ होतो. डेव्हिड विचर्स आणि सहकाऱ्याने १९८१ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही सर्वांत जास्त मान्य आहे. पोलिओ झालेल्यांपैकी साधारण २५ ते ४० टक्के लोकांना हे होतं. यावर औषध नाही. ताकद वाचवून वापरणं, अधेमध्ये विश्रांती, हलका आधारपट्टा, दमणार नाही इतकाच व्यायाम. जे आयुष्यभर शिकवलं गेलं, जिद्द, घाम, हार मानायची नाही, त्याच्या बरोबर उलटं. 'दिव्यांगाची प्रेरणादायी कहाणी' छाप बातम्या लिहिणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

अमेरिकेत हे लोक इतके संघटित का होते, याचंही उत्तर पोलिओतच आहे. एकाच साथीतली हजारो मुलं एकाच वयात वाढत होती. एड रॉबर्ट्स, चौदाव्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळपास काही हलत नाही. १९६२ मध्ये बर्कलीत प्रवेश मिळवला आणि विद्यापीठाच्या दवाखान्यात लोखंडी फुप्फुसात झोपून शिकला. राज्याच्या पुनर्वसन खात्याने त्याला मदत नाकारली होती, याला कुठे नोकरी लागणार म्हणून. १९७५ मध्ये तो त्याच खात्याचा प्रमुख झाला. ज्युडी ह्यूमनला न्यूयॉर्कने शिक्षिकेचा परवाना नाकारला, ती १९७० मध्ये कोर्टात गेली आणि शिकवायला लागली. १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंगांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या इमारतीत तीन आठवड्यांहून जास्त ठिय्या दिला, त्याच्या पुढाऱ्यांत ती होती. फुटपाथच्या कडेला उतार असतो ना, ज्यावरून तुम्ही ट्रॉली बॅग ओढत नेता? तो या लोकांनी भांडून मिळवलाय.

*

आपल्याकडे पोलिओवर नजर ठेवायला जी यंत्रणा उभी राहिली ती मला इंजिनियर म्हणून अजूनही थक्क करते. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की नोंद. चौदा दिवसांच्या आत विष्ठेचे दोन नमुने, किमान २४ तासांच्या अंतराने, थंड डब्यातून प्रयोगशाळेत. त्यातली एक महत्त्वाची प्रयोगशाळा मुंबईत परळला. मग साठ दिवसांनी परत त्या घरी जाऊन पाहायचं : लुळेपणा उरलाय का? २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एक. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

साठाव्या दिवसानंतर त्या फॉर्मवर रकाना नाही. तो विषाणू शोधण्यासाठी बनवलेला फॉर्म होता आणि त्याचं काम तिथे संपतं. पुढचं काम अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. पोलिओ त्यात नावानिशी नाही, तो 'चलनवलनाचं अपंगत्व' या मोठ्या टोपलीत जातो. मामाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी आहे आणि पुढे शिक्का : कायमस्वरूपी. तो टक्का डाव्या पायाचा. उजवा पाय तेव्हा 'चांगला' होता. फेरतपासणी मागता येते, पण समोरच्याला पोलिओ दुसऱ्यांदा येतो हे आधी समजावून सांगावं लागतं.

२००९ च्या त्या ७४१ पैकी बहुतेक मुलं आज सतरा-अठरा वर्षांची आहेत. दोन आजारपणांतलं अंतर तीस-चाळीस वर्षांचं धरलं तर त्यांची पाळी २०४० नंतर येईल. तेव्हाच्या डॉक्टरांनी पोलिओ फक्त परीक्षेसाठी वाचलेला असेल.

मामासाठी मी एक पान मराठीत तयार केलं, पाठीमागे तेच इंग्रजीत. पोलिओ कोणत्या वर्षी, कोणता पाय. नवी लक्षणं कधीपासून. दमवणारा व्यायाम नको. ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्याला आधी सांगणे, कारण अशा रुग्णांना भुलेतून बाहेर यायला वेळ लागू शकतो. त्याने ते दुकानात लॅमिनेट केलं आणि आधार कार्डाच्या मागे ठेवलं. मग विचारलं, अजून चार कॉप्या काढू का, स्टँडवरच्या लोकांना लागतील.